‘तयार’ म्हणजे खरंच तयार

१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोनच करणार होते, पण फोनवर काय होतं ते तुला माहीत आहे. मी तोंड उघडते न उघडते तोच दादा तुझ्या हातातून फोन घेतो, गॅरेजमध्ये आलेल्या एखाद्या खटारा मोटारसायकलची जन्मकथा सांगतो आणि "बरं, ठेवतो" म्हणून ठेवूनही देतो. म्हणून हे कागदावर. शहरातल्या आमच्या मुख्य कार्यालयाची रक्ताची गाडी दर आठवड्याला तुमच्या खोऱ्यात येतेच. गाडीवाल्या काकांना म्हटलं, पिशव्यांबरोबर माझं एक पाकीट न्याल का? म्हणाले, "पाकिटाला बर्फ लागत नसेल तर नेतो."

आता कामाचं. तू तिथल्या रक्तपेढीची प्रमुख, तेव्हा दुखणं तुला नव्याने सांगायला नको. कुठल्या केंद्रात कुठल्या गटाचं रक्त आहे हे सगळ्यांना एका ठिकाणी दिसावं म्हणून आपला साठ्याचा प्रोग्रॅम आहे. त्यासाठी प्रत्येक केंद्रावर एक सर्व्हर लागतो, म्हणजे कायम चालू राहणारा कॉम्प्युटर, जो आपला साठा बाकीच्यांना सांगतो आणि बाकीच्यांचा विचारून घेतो. सर्व्हर विकत मिळतो. त्यात प्रोग्रॅम बसवणं मात्र डोक्याला ताप. आधी डेटाबेस, मग केंद्राचा क्रमांक, पासवर्ड, घड्याळ, कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं. एक सेटिंग चुकलं की सगळं मुकं. आणि हे सगळं हाताने करणारा माणूस एकच, आमचे मास्तर. तुझा सर्व्हर त्यांनीच बसवलाय. जाड चष्मा, खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "हात लावू नका" एवढंच बोलणं. आठवले?

मास्तर एका केंद्रावर जातात ते आठवडा संपेपर्यंत तिथेच. निम्म्याहून जास्त केंद्रं अजून रांगेत आहेत. मागच्या महिन्यात एका गावात ए निगेटिव्ह मिळेना म्हणून एका बाईला शहराकडे हलवलं. ती वाटेतच गेली, वहिनी. त्या गावाला लागून असलेल्या केंद्रात ते रक्त होतं. त्या केंद्राचा सर्व्हर अजून खोक्यात होता, मास्तरांची वाट बघत.

हे कळल्यापासून मला जेवण जात नाही. म्हणून मी ठरवलंय, मास्तर हाताने जे जे करतात ते सगळं एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला क्रमाने द्यायच्या आज्ञांच्या यादीत, लिहून काढायचं. पेन ड्राइव्ह लावायचा, एक ओळ टाइप करायची आणि बाजूला व्हायचं. सर्व्हरने आपला आपण उभा राहायचं. कुणी प्रवास करायला नको, कुणाची वाट बघायला नको.

आमच्या साहेबांनी एक संधी दिली आहे. एखाद्या लांबच्या केंद्रावर करून दाखव म्हणाले; तिथे मी नको, मास्तर नकोत. मी तुझं केंद्र सांगून टाकलं. तुला न विचारता. नणंदेचा हक्क समज.

तुझी,
टिकटिक

१९ जानेवारी

प्रिय टिकटिक,

लग्न होऊन या घरात आले त्याच महिन्यात तू माझं माहेरचं गजराचं घड्याळ उघडलंस आणि परत जोडलंस. घड्याळ चालायला लागलं, पण एक स्क्रू टेबलावर उरला. त्या उरलेल्या स्क्रूची धास्ती मला अजून आहे, आणि आता तू माझ्या रक्तपेढीत हात घालणार म्हणतेस.

पण करू या. त्या बाईचं वाचलं आणि पत्र घेऊन फ्रिजपाशी गेले. इथे उभी राहून मी रोज सकाळी पिशव्या मोजते, आणि त्या मोजताना कधी मनात येत नाही की पलीकडच्या गावात कुणी याच गटासाठी तडफडत असेल.

फक्त एक अट. मास्तरांनी बसवलेल्या चालत्या सर्व्हरला मी बोट लावू देणार नाही. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे, हजेरीसाठी वापरायचो तो. पंखा घरघरतो, पण चालतो. प्रयोग त्याच्यावर. आणि हे लक्षात ठेव की मला रक्त कळतं, तुझं यंत्र कळत नाही. जे काही पाठवशील ते माझ्यासारखीला समजेल असं पाठव.

तुझा दादा म्हणतो, "तिला सांग, बिघडलं तर गॅरेजला आणा." त्याच्याकडे दुर्लक्ष कर. मी करते.

वहिनी

५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सोबत पेन ड्राइव्ह आहे. चिकटपट्टीने पुठ्ठ्यावर लावलाय, ओढून काढ.

हे तयार होईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. मास्तरांना म्हटलं, तुम्ही काय काय करता ते क्रमाने सांगा. म्हणाले, "हे सांगून येत नाही गं, बोटांत असतं." मग मी त्यांच्याबरोबर एका केंद्रावर गेले आणि त्यांच्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसले. बोटं काय करतात ते लिहीत राहिले. मधेच विचारायचे, "हे आत्ता का केलंत?" ते म्हणायचे, "केलं का मी?" निम्म्या गोष्टी ते करतात हे त्यांनाच माहीत नव्हतं.

परवा ऑफिसात त्यांच्यासमोर स्क्रिप्ट चालवली. एका कोऱ्या सर्व्हरवर. त्यांचा चहाचा कप रिकामा व्हायच्या आत प्रोग्रॅम उभा! मी वळून मास्तरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि उठून बाहेर गॅलरीत गेले. बराच वेळ आले नाहीत. त्यांच्या हातातलं काम मी काढून घेतलं असं त्यांना वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी मी "मास्तर" म्हणून हाक मारली तर "हं" म्हणाले, बस.

असो. तू स्क्रिप्ट चालव, ती विचारेल तेवढी उत्तरं दे, आणि काय झालं ते कळव. येत्या बैठकीत साहेबांना दाखवायचं आहे. प्रयोग चालला तर बाकीची केंद्रं मला मिळतील. बसायच्या आधी दादाला खोलीबाहेर काढ.

टिकटिक

१२ फेब्रुवारी

प्रिय टिकटिक,

तुझं काम केलं. छान झालं. कसली म्हणून अडचण आली नाही. शेवटी स्क्रीनवर "पूर्ण झाले" असं आलं. किती हुशार आहेस गं तू, आम्हाला फार कौतुक वाटतं.

इकडे सगळे मजेत. थंडी कमी झाली. काळजी घे.

वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

आज "प्रिय" लिहायला हात होत नाही.

काल बैठक होती. लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर सगळ्या केंद्रांचा नकाशा. जिथे सर्व्हर बोलतोय तिथे हिरवा ठिपका, जिथे गप्प आहे तिथे लाल. मी उभी राहून सांगितलं, "खोऱ्यातल्या केंद्रावर प्रयोग झाला, मी तिथे नव्हते, तरी कसलीही अडचण आली नाही." साहेब म्हणाले, "दाखव." मी तुझ्या जुन्या कॉम्प्युटरला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. त्याच्या नावाचा वेगळा ठिपका लालच्या लाल. कुणीतरी खोकलं. मी वायर बघितली, नेटवर्क बघितलं, तुमच्या छपरावरची उपग्रहाची तबकडी चालू आहे का ते बघितलं. सगळं ठीक होतं. तुझा कॉम्प्युटर जागा होता, पण त्यात आपला प्रोग्रॅम चालूच नव्हता.

साहेब रागावले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "घरच्या माणसांकडून तपासून घेतलं की असं होतं." सगळे हसले, मास्तर सोडून. मला मार्चपर्यंत मुदत आहे. तोवर जमलं नाही तर पुन्हा मास्तर, पुन्हा रांग.

वहिनी, मला कौतुक नको होतं. काय मोडलं ते हवं होतं. तू मला खरं का नाही सांगितलंस?

टिकटिक

२६ फेब्रुवारी

प्रिय टिकटिक,

तुझं पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. चूक माझी. आता सगळं सांगते, आणि मधेच हसू नकोस.

तुझ्या स्क्रिप्टने पहिलाच प्रश्न इंग्रजीत विचारला. होस्टचं नाव काय? होस्ट म्हणजे यजमान, एवढं मला येतं. यजमानांचं नाव विचारतोय म्हटल्यावर मी तुझ्या दादाचं नाव घातलं. मनात म्हटलंही, सरकारी अर्जांसारखंच दिसतंय, बाईच्या कामालाही नवऱ्याचं नाव लागतं. पुढे कसला तरी "पोर्ट" विचारला. इथे बंदर कुठलं? रिकामं सोडलं. पासवर्ड विचारला, मी टाइप केला, पण अक्षरं दिसेनात, म्हणून उमटली नसतील असं समजून पुन्हा केला, आणि मग पुन्हा.

मग वीज गेली. आली तेव्हा वाटलं, पहिल्यापासून करू. दुसऱ्यांदा चालवलं तर म्हणे, हे आधीच आहे, ते आधीच आहे, आणि लाल ओळींचा पाऊस. मी घाबरले. काही पुसलं, काही ठेवलं, नीट आठवत नाही. तिसऱ्यांदा लाल ओळी खूप आल्या, आणि त्या सगळ्यांच्या खाली आलं, "पूर्ण झाले". मी त्या दोन शब्दांना धरून बसले.

खोटं का लिहिलं ते सांगते. या घरात आले तेव्हापासून मला "छान झालंय" म्हणायची सवय लागलीय. सासूबाईंनी विणलेला स्वेटर गळ्यापाशी आवळायचा, तरी छान झालंय. तुझ्या दादाने रंगवलेली खिडकी उघडेना, तरी छान झालंय. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. तू रात्रंदिवस खपलीस, आणि मी लिहू की काही चाललं नाही? माझी जीभ तिकडे वळेचना. शिवाय मला वाटलं, दोष माझाच असणार. शिकल्यासवरल्या बाईला दोन प्रश्नांची उत्तरं देता येऊ नयेत, हे तुला कळावं असंही वाटत नव्हतं.

पण एक सांगू? माझं "छान झालं" खोटं होतं, तसं तुझ्या स्क्रिप्टचं "पूर्ण झाले" पण खोटंच होतं. आपण दोघी सारख्याच. इथे मी पिशवीवर गटाची चिठ्ठी लावते ना, ती रक्त तपासून लावते. तपासल्याशिवाय लावली तर माणूस मरेल. तुझी स्क्रिप्ट न तपासताच चिठ्ठी लावते.

पुन्हा पाठव. या वेळी जे मोडेल ते सगळं लिहीन, तुला रडू आलं तरी लिहीन.

वहिनी

१२ मार्च

प्रिय वहिनी,

यजमानांचं नाव वाचून (अगं, होस्ट म्हणजे तो कॉम्प्युटरच!) मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. मास्तरांना वाचून दाखवलं. मास्तर हसले! पोट धरून. मग डोळे पुसत म्हणाले, "तुझ्या वहिनीचं बरोबर आहे. ती चुकली नाही, आपण चुकीचं विचारलं." आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

त्या दिवशी ते गॅलरीत का गेले होते ते आता कळलं. बायकोला फोन लावायला. "आता मी घरी राहत जाईन बहुतेक," असं सांगायला. आणि बोलणं लांबलं म्हणून परत आत आले नाहीत. बॅग भरून फिरण्यात त्या माणसाची उमेदीची वर्षं गेली, आणि मी समजत होते की ते माझ्यावर रुसलेत. आता ते माझी स्क्रिप्ट कागदावर छापून घेऊन लाल पेन्सिलीने तपासतात. एकेक ओळ सोलून काढतात.

तुझं ते चिठ्ठीचं वाक्य मी टेबलासमोर चिकटवलंय. त्याप्रमाणे सगळं नव्याने लिहिलं. स्क्रिप्ट आता फक्त केंद्राचा क्रमांक विचारते, तोही मराठीत. बाकीचं तिचं तिने शोधायचं. ती कितीही वेळा चालवली तरी बिघडत नाही. जे आधी झालंय ते बघते, ते तसंच ठेवते आणि राहिलेलं करते. मधे वीज गेली तर जाऊ दे. काही अडलं तर तिथेच थांबते, काय अडलं आणि तू काय करायचं ते साध्या शब्दांत सांगते. आणि सगळ्यात शेवटी स्वतःला तपासते. एक खोटी पिशवी नोंदवते, ती दुसऱ्या केंद्राला दिसली का ते विचारते, दिसली असं उत्तर आलं की खोटी नोंद पुसून टाकते. मगच स्क्रीनवर एक शब्द येतो, "तयार". त्याआधी नाही.

नवा पेन ड्राइव्ह सोबत आहे. मोड. मुद्दाम मोड.

टिकटिक

१९ मार्च

प्रिय टिकटिक,

मोडायचा खूप प्रयत्न केला. अर्ध्यात वायर उपटली. पुन्हा चालवलं. केंद्राचा क्रमांक मुद्दाम चुकीचा घातला. तिने ओळखलं आणि बरोबर क्रमांक मागितला. दोनदा लागोपाठ चालवलं, ती म्हणाली, सगळं आधीच झालेलं आहे, काही करायची गरज नाही. मला एकदम शेजारीण बोलल्यासारखं वाटलं.

तक्रारी लिहिते, कबूल केलंय म्हणून. अक्षरं बारीक आहेत. "कृपया प्रतीक्षा करा" खूप वेळ राहतं, तेव्हा पुढे काय चाललंय ते दाखव, माणसाचा जीव टांगणीला लागतो. बाकी "तयार" आलं, आणि या वेळी मी माझ्या चालत्या सर्व्हरवर जाऊन खात्री केली. खरंच तयार होतं.

वहिनी

२६ मार्च

प्रिय वहिनी,

हिरवा ठिपका! साहेबांनी स्वतः हाक मारून बघितली, तुझ्या घरघरत्या डब्याने उत्तर दिलं. साहेब म्हणाले, "घरच्या माणसाकडून तपासून घेतलंस ते बरं केलंस." मास्तरांनी खोकून घेतलं.

सुरुवातीला थोडी केंद्रं दिली आहेत, खोक्यातच पडून असलेली. त्यात तुमच्याच बाजूचं, नदीपलीकडचं ते छोटं प्रसूतिगृह आहे. तिथे मास्तर पोचायला अजून वर्ष गेलं असतं. तिथल्या परिचारिकेने दुपारच्या सुट्टीत पेन ड्राइव्ह लावला आणि सुट्टी संपायच्या आत तयार.

तुझा जुना कॉम्प्युटर पुसून कोरा कर, आणि पेन ड्राइव्ह तुझ्याकडेच ठेव. तुझ्या सर्व्हरवरच्या नोंदींची नक्कल रोज आमच्याकडे येते, तेव्हा कधी गरज पडलीच तर त्याही परत मिळतील.

टिकटिक

२० एप्रिल

प्रिय टिकटिक,

रस्ता अजून बंदच आहे. काका आता वरचेवर येतात, गाडी दरडीच्या पलीकडे उभी करतात, आणि लोक मातीच्या ढिगावरून चालत सामान इकडेतिकडे करतात. हे पत्र तसंच येतंय. तुला तिकडे काय दिसलं ते मला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

वरच्या वळणावर रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. मंगळवारी सकाळी मी पिशव्या मोजत होते आणि जमीन हलल्यासारखा आवाज आला. डोंगराचा अख्खा खांदा खाली आला. रस्ता गेला, विजेचे खांब गेले, मोबाइलचा मनोरा गेला. वीज जाता जाता एकदम भडकली, आणि आमच्या सर्व्हरमधून धूर निघाला. मास्तरांचा सर्व्हर. मी त्याला कधी हात लावू दिला नव्हता, आता लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाकीचे मजूर बाजूला पळाले. पोकलेन चालवणारा मात्र यंत्राखाली सापडला. लोकांनी त्याला दारावर निजवून आणलं. इथलाच, पंचविशीतला पोरगा, मांडीपासून पाय चिरडलेला. डॉक्टरबाईंनी लगेच आत घेतलं. मी गट तपासला. बी निगेटिव्ह. टिकटिक, माझ्या फ्रिजमध्ये बी निगेटिव्ह नव्हतं. कुणालाही चालणारं ओ निगेटिव्ह होतं तेवढं दिलं, ते बघता बघता संपलं. डॉक्टरबाई दारात येऊन म्हणाल्या, "अजून लागणार आहे. नाहीतर मी त्याला टेबलावर धरून ठेवू शकत नाही."

शहराकडून येणारा रस्ता बंद. फोन मुके. दरडीच्या या बाजूला कुणाकडे काय आहे ते सांगणारा सर्व्हर जळालेला. माझी पाचावर धारण बसली.

मग माझी नजर कोपऱ्यातल्या त्या कोऱ्या केलेल्या डब्यावर गेली. रुग्णालयाचं जनरेटर सुरू झालं होतं, छपरावरची तबकडी जागेवर होती. मी डबा चालू केला, पेन ड्राइव्ह लावला. आमच्या लॅबवाल्या मुलीला शेजारी बसवलं. ती ओळ टाइप केली. केंद्राचा क्रमांक घातला. ओळी सरकू लागल्या, आणि मधेच थांबल्या.

"थांबलं!" ती मुलगी ओरडली. "ताई, बिघडलं."

"बिघडलं नाही," मी म्हटलं. "काहीतरी सांगतंय. वाच."

या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं आहे, असं लिहिलं होतं. आजची तारीख आणि वेळ घाला, मग मला पुन्हा चालवा, आधीचं काम वाया जाणार नाही. अगदी असंच. डबा बंद पडून होता, त्याचं घड्याळ कुठल्या जुन्या सालात जाऊन बसलं होतं. मी तारीख घातली, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ घातली, आणि पुन्हा चालवलं. झालेलं तिने भराभर ओलांडलं. मग राहिलेलं. मग आमच्या जुन्या नोंदी तुमच्याकडून उतरायला लागल्या. मग ती खोटी पिशवी. दाराबाहेर त्या पोराची आई जमिनीवर बसली होती, तिचा हुंदका ऐकू येत होता. मी स्क्रीनवरून डोळे काढले नाहीत.

तयार.

मी तो शब्द मोठ्याने वाचला. बी निगेटिव्ह शोधलं. नदीपलीकडच्या प्रसूतिगृहात होतं! जे पुढच्या वर्षी नकाशावर येणार होतं, तिथे. पूल शाबूत होता. मी मागणी टाकली आणि क्षणात पलीकडून उत्तर आलं, "पेटी भरतो, माणूस पाठवा."

माणूस कोण असणार? तुझा दादा बाहेर उभाच होता, दरड पडल्याचं ऐकून गॅरेजमधून धावत आलेला. मी म्हटलं, "सगळ्यात जोरात पळणारी गाडी काढ." त्याने काही विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने काही विचारलं नाही आणि काही सांगितलं नाही. गेला आणि बर्फाची पेटी पाठीला बांधून आला, डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला. मी दोन्ही रक्तांची जुळणी तपासली, चिठ्ठी लावली आणि पिशवी आत दिली.

पोराचा पाय वाचला, टिकटिक. जीव तर वाचलाच, पायही वाचला. काल त्याने मला विचारलं, "ताई, माझं यंत्र ठीक आहे ना?" मी म्हटलं, "तुझं नाही, पण माझं एकदम ठीक आहे."

या वेळी लिहिते, आणि शपथेवर लिहिते: छान झालं.

वहिनी

२३ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले आणि मग जिना चढून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

आम्हाला काय दिसलं ते ऐक. मंगळवारी तुमचा ठिपका विझला. मास्तर उठून उभे राहिले. "माझा सर्व्हर गेला," म्हणाले. फोन लागेना. साहेबांनी हेलिकॉप्टरसाठी कुणाकुणाला विनवण्या केल्या. मास्तरांनी तर सवयीने बॅग भरायला घेतली. कुठून जाणार होते कोण जाणे! आणि अचानक पडद्यावर तुमच्या जागी पिवळा ठिपका. पिवळा म्हणजे सर्व्हर उभा राहतोय. तो पिवळा तसाच थांबला तेव्हा मी म्हणाले, संपलं. मास्तर म्हणाले, "थांब गं. तुझी वहिनी वाचतेय." आणि मग हिरवा. खोलीत जो आरडाओरडा झाला तो ऐकून खालच्या मजल्यावरून लोक बघायला आले. साहेब टेबलावर हात आपटत होते. मास्तरांनी भरलेली बॅग तिथेच जमिनीवर उलटी केली, मोजे, दाढीचं सामान, सगळं.

साहेबांच्या सांगण्यावरून काल राहिलेली सगळी केंद्रं एकाच दिवशी केली. सगळ्यांना पेन ड्राइव्ह आधीच पोचवले होते. सकाळी ठरल्या वेळेला, वेगवेगळ्या गावांत, कुठे परिचारिका, कुठे कारकून, एका ठिकाणी तर डॉक्टरांचे निवृत्त वडील, सगळ्यांनी ती ओळ टाइप केली. आम्ही पडद्यासमोर उभे. एक पिवळा, दुसरा पिवळा, मग नकाशाभर पिवळे. मग हिरवे व्हायला लागले, एकेक करत, आणि मग एकदम पुष्कळ. दोन अडले. दोघांनीही काय अडलं ते स्वतःच सांगितलं, तिथल्या माणसांनी दुरुस्त केलं, पुन्हा चालवलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत नकाशावर लाल असं काही उरलं नव्हतं.

मास्तर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "मी हे हाताने केलं असतं तर माझ्या नातवंडांना पूर्ण करावं लागलं असतं." आणि चक्क वेळेवर घरी गेले.

घाईत आणखी एक. आज सकाळी नकाशावरून आमच्याच शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची मागणी निघाली आहे. एका लहान मुलीचं ऑपरेशन आहे, एबी निगेटिव्ह हवंय, इथे कुठेच नाही. तुमच्याकडे दिसतंय. मागणी तुझ्या पडद्यावर पोचली असेल.

टिकटिक

२४ एप्रिल

प्रिय टिकटिक,

मागणी कालच पोचली. पिशव्या या पत्राच्या शेजारीच आहेत, बर्फाच्या पेटीत. तुझा दादा आणि रस्त्याचे चार मजूर ती पेटी दरडीवरून हातोहात पलीकडे नेतायत.

आजवर ही गाडी इकडे भरून यायची आणि शहराकडे रिकामी जायची. आज काकांनी मागचं दार उघडलं, पेटी आत ठेवली, आणि मला म्हणाले, "बाई, आज पहिल्यांदा मला जाताना सांभाळून चालवावं लागणार."

गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही सगळे त्या ढिगावर उभे राहून हात हलवत होतो.

वहिनी